कंपवाताच्या गोळीमागचा ससा

ज्या घरात कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सनचा, रुग्ण असतो तिथे सकाळची पहिली गोळी पोटात जाऊन तिचा अंमल सुरू होईपर्यंत त्याला कुणी अंघोळीची घाई करत नाही. गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, वरणाबरोबर नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं असतं, कारण डाळीतली प्रथिनं तिची वाट अडवतात. ती गोळी म्हणजे लेव्होडोपा, जोडीला त्याला मेंदूपर्यंत पोहोचू देणारं कार्बिडोपा. तिची गोष्ट बरीचशी स्वीडनमध्ये घडते, पण एक मूळ आपल्याकडे आहे. मूळ म्हणजे अगदी झाडाचं मूळ.

सर्पगंधा आपल्याकडे वेडावर आणि निद्रानाशावर पिढ्यान्‌पिढ्या दिली जायची. १९३१ मध्ये कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाबही उतरवते असं लिहिलं. जगाचं लक्ष मात्र गेलं ते १९४९ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरचे निष्कर्ष ब्रिटनच्या हृदयरोग नियतकालिकात छापल्यावर. तीन वर्षांत बाझलच्या सीबा कंपनीने त्या मुळीतलं रेसर्पिन वेगळं काढलं आणि ते जगभर रक्तदाबावर व मनोविकारांवर वापरलं जाऊ लागलं. काही रुग्ण त्यावर खिन्न होत, काहींचे हात थरथरू लागत, अंग ताठे. औषध बंद केलं की ओसरायचं. दुष्परिणाम म्हणून त्याची नोंद व्हायची, त्यापलीकडे फारसं काही नाही.

स्वीडिश औषधशास्त्रज्ञ अर्विद कार्लसन यांचा तोवर या कशाशीच संबंध नव्हता. १९२३ मध्ये उपसाला इथे जन्म, वडील लुंड विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक, आणि मुलाचा १९५१ चा प्रबंध कॅल्शियमवर. पुढच्या पदासाठी अर्ज केला तेव्हा कॅल्शियम हा काही औषधशास्त्राचा गाभा नव्हे, असं निवड समितीचं मत पडलं आणि जागा दुसऱ्याला गेली. कार्लसन यांनी विषयच बदलला. १९५५ मध्ये ते अमेरिकेत बेथेस्डाला बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत पाच महिने राहिले. रेसर्पिन दिल्यावर मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन नाहीसं होतं, हे ब्रॉडींच्या गटाने नुकतंच दाखवलं होतं. मग अ‍ॅड्रिनलिनच्या कुळातल्या द्रव्यांचं काय होतं तेही बघूया का, असं कार्लसन यांनी सुचवलं. ब्रॉडींना त्यात रस नव्हता. लुंडला परतल्यावर निल्स-ओके हिलार्प यांच्यासोबत कार्लसन यांनी ते स्वतःच पाहिलं. तीही द्रव्यं नाहीशी होत होती.

मग आला ससा. रेसर्पिन टोचलेला ससा निपचित पडतो, कान लोंबतात, ढोसलं तरी हलत नाही. कार्लसन, मार्गित लिंडक्विस्त आणि टोर मॅग्नुसन यांनी अशा सशांना डोपा टोचलं (गोळीतलं लेव्होडोपा हे त्याचंच एक रूप). शरीर अ‍ॅड्रिनलिनच्याच कुळातलं नॉरअ‍ॅड्रिनलिन बनवतं ते डोपापासूनच, तेव्हा कच्चा माल पुरवला तर साठा भरून निघेल, असा साधा हिशेब होता. जेमतेम पाव तासात कान ताठ करून ससे हिंडू लागले. १९५७ मध्ये हे ‘नेचर’मध्ये आलं.

इथवर छान होतं. पण त्या सशांचा मेंदू तपासला तर नॉरअ‍ॅड्रिनलिनचा साठा रिकामाच. मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत मोठी वाटते ती ही जागा. ससा उठला होता, लेख छापून आला होता, गणित न जुळल्याचं बाजूला ठेवता आलं असतं. कार्लसन यांनी ठेवलं नाही. डोपा आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन यांच्या मधला टप्पा म्हणजे डोपामिन, आणि १९१० पासून माहीत असलेलं ते द्रव्य नुसतंच वाटेवरचं स्टेशन समजलं जायचं. त्यांनी ते मोजण्याची पद्धत बसवली. मेंदूत ते मुबलक होतं, रेसर्पिनने संपत होतं आणि डोपा दिल्यावर परतत होतं. पुढे त्यांच्याच गटातल्या बर्टलर आणि रोसेनग्रेन यांना ते मेंदूच्या तळाशी, हालचालींशी संबंधित भागात एकवटलेलं सापडलं. म्हणजे रेसर्पिनने थरथरणारे हात आणि १८१७ मध्ये जेम्स पार्किन्सन यांनी वर्णिलेला आजार यांची जोडणी झाली.

मार्च १९६० मध्ये लंडनच्या एका परिसंवादात कार्लसन हे सांगायला गेले. समोर सर हेन्री डेल, नोबेलविजेते, वय ८४, त्या शास्त्रातले आजोबाच. मेंदूतले निरोप विजेवर चालतात, रसायनांवर नाही, असं तिथे बहुतेकांचं मत. डोपा हे मुळात विषच आहे, असं डेल म्हणाले. डेल यांचं बोलणं अगदीच निराधार नव्हतं. १९१३ च्या सुमारास ज्या मार्कुस गुगेनहाइम यांनी बाकल्याच्या शेंगांतून डोपा वेगळं केलं, त्यांनी अडीच ग्रॅम स्वतः खाऊन पाहिलं होतं आणि त्यांना उलट्या झाल्या होत्या.

त्याच वर्षी व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच आणि हर्बर्ट एरिंगर मृत रुग्णांचे मेंदू तपासत होते. निरोगी मेंदूच्या नमुन्यात डोपामिन ओळखणारं रसायन घातलं की नळीत गुलाबी रंग उतरे. कंपवाताच्या रुग्णाचा नमुना जवळपास पांढराच राहिला. यंत्राची गरजच नव्हती, फरक डोळ्यांना दिसत होता. १९६१ मध्ये वॉल्टर बिर्कमायर यांनी रुग्णांना शिरेतून डोपा दिलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून बसली, चालली. परिणाम काही तासच टिकला. गोळीच्या रूपात रोज घेता येईल असं ते केलं न्यूयॉर्कजवळ ब्रुकहेवनच्या जॉर्ज कॉट्झियास यांनी, १९६७ मध्ये, थोड्यापासून सुरुवात करून मात्रा हळूहळू वाढवत नेऊन.

आपल्याकडची खाजकुइली इथे आठवतेच. जिच्या शेंगेची लव लागली की अंग ओरबाडून घ्यावं लागतं, तिच्या बियांतही डोपा असतं. मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते १९३७ मध्येच वेगळं काढलं होतं. यावरून ‘आमच्याकडे सगळं होतंच’ असं म्हणणाऱ्यांना एकच विचारावंसं वाटतं: सर्पगंधा होती, खाजकुइली होती, मग दोन्ही एकाच सशाला कुणी का दिल्या नाहीत? (आणि कृपा करून गोळी सोडून बियांचं चूर्ण सुरू करू नये. कुठल्या बीत किती डोपा, याचा भरवसा नसतो.)

कार्लसन १९५९ पासून गोथेनबर्गमध्ये प्राध्यापक होते. पुढे त्यांनी मनोविकारांवरची औषधं मेंदूत कुठे बसतात ते शोधलं, झिमेलिडिन हे नैराश्यावरचं औषध घडवलं (१९८३ मध्ये ते मज्जातंतूंवरच्या गंभीर दुष्परिणामामुळे बाजारातून काढावं लागलं), आणि नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्याच्या सरकारी बेताला कडाडून विरोध केला.

२००० चं वैद्यकातलं नोबेल कार्लसन, पॉल ग्रीनगार्ड आणि एरिक कँडेल यांना मिळालं. होर्निकिएविच यांचं नाव नव्हतं. दोनशेहून अधिक मेंदूशास्त्रज्ञांनी त्याबद्दल नाराजीचं जाहीर पत्र लिहिलं. कार्लसन २०१८ मध्ये गेले, होर्निकिएविच २०२० मध्ये.

कार्लसन यांच्या सशांच्या मेंदूतल्या पेशी शाबूत होत्या, फक्त साठा रिकामा झाला होता. रुग्णाच्या बाबतीत साठवणाऱ्या पेशीच मरत असतात, आणि ते मरण लेव्होडोपा थांबवत नाही. म्हणून काही वर्षांनी सकाळची गोळी दुपारपर्यंत पुरत नाही, दोनाच्या तीन होतात, तीनाच्या पाच, आणि घरातल्या कुणाच्या तरी फोनवर दर तीन तासांनी गजर वाजू लागतो.