रॉक अल्बम आणि मनःस्थिती

रॉक अल्बम सलग ऐकताना श्रोत्याच्या मनःस्थितीत होणारा बदल. सुटे गाणेही मूड पालटते. पण अल्बमच्या हाती चाळीसेक मिनिटे असतात आणि गाण्यांचा ठरवलेला क्रम असतो. संगीतोपचारात एक जुनी रीत आहे: रुग्ण ज्या मनःस्थितीत आहे तिच्याशी जुळणारे संगीत आधी वाजवायचे, मग हळूहळू ते बदलत न्यायचे. चांगला अल्बम नेमके हेच करतो. दुःखी माणसाला तो लगेच हसायला सांगत नाही.

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) हे याचे ठळक उदाहरण. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला हा अल्बम हृदयाच्या ठोक्याने सुरू होतो. हा ठोका ड्रमवर काढलेला आहे. मग संथ गिटार, श्वास मोकळा होतो. त्यापाठोपाठ सिंथेसायझरची धावपळ, आणि अचानक असंख्य घड्याळांचा एकदम गजर. ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात ती एकेक करून टिपली होती. कितीही वेळा ऐकले तरी इथे छातीत धस्स होते.

तबकडीची पहिली बाजू संपते ती गायिका क्लेअर टोरी यांच्या आवाजावर, आणि सगळ्या अल्बमचा जीव या जागी आहे. बँडमधल्या रिचर्ड राइट यांच्या पियानोवर त्या शब्दांविना गातात. आवाज आधी आक्रोशासारखा उसळतो, फाटेल असे वाटते, मग दमून हलका होत जवळजवळ कुजबुजीवर येतो. रडून झाल्यावर येते ती शांतता श्रोत्याला इथे न रडता मिळते. त्या ध्वनिमुद्रणाचे टोरींना ३० पौंड मिळाले होते. सहरचनाकार म्हणून त्यांचे नाव लागायला २००५ साल उजाडले, तेही कोर्टात गेल्यावर. तबकडी उलटली की नाण्यांचा खणखणाट आणि सात मात्रांची चाल. सात मात्रांच्या रूपक तालाची सवय असलेला कान तिच्यावर सहज डोलतो. गिटारच्या सोलोला ती चार मात्रांत येते आणि अंग सैल पडते.

मेंदूत काय घडते याचा एक धागा माँट्रियलच्या २०११ च्या संशोधनात सापडला. आवडत्या संगीताने अंगावर काटा येतो त्या क्षणी डोपामिन हे आनंदाशी जोडलेले रसायन स्रवते, आणि तो क्षण यायच्या आधी, नुसत्या प्रतीक्षेतही स्रवते, मात्र मेंदूच्या वेगळ्या भागात. पाठ झालेला अल्बम पुन्हा का ऐकावासा वाटतो, ते यावरून कळते. गाण्यांचा क्रम विस्कटला की ही प्रतीक्षाच मोडते.

कर्कश रॉकने राग वाढतो, हा समज मात्र टिकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात हेवी मेटलसारखे कर्कश संगीत आवडणाऱ्या ३९ जणांना आधी संताप आणणाऱ्या गोष्टींबद्दल बोलायला लावले. त्यानंतर ज्यांनी आपले संगीत ऐकले त्यांची चिडचिड कमी झाली, नुसते शांत बसलेल्यांइतकीच; शिवाय त्यांना उभारी आली (२०१५). तरीही एक सावधगिरी हवी: मन तेच ते उगाळत असेल तर आवडता अल्बमही त्याला आणखी खोलात नेऊ शकतो.

‘द डार्क साइड...’ अखेरीस पुन्हा त्याच ठोक्यावर येऊन विझतो. २००७ मध्ये बँडचे एकेकाळचे गीतकार रॉजर वॉटर्स यांनी मुंबईच्या मैफलीत तो सबंध, याच क्रमाने वाजवला.