मोकळा खेळ की आखलेले क्लास? अनस्कूलिंगमधल्या वादाची पार्श्वभूमी

शाळेत न जाणाऱ्या मुलाने दिवसभर काय करायचं? मनाला येईल ते खेळायचं, की पोहणं, तबला, रोबोटिक्स अशा क्लासेसनी आठवडा भरून काढायचा? अनस्कूलिंग, म्हणजे शाळेत न घालता आणि ठरलेला अभ्यासक्रम न लादता मुलाला त्याच्या कलाने शिकू देणं, करणाऱ्या घरांत हा वाद आजही धुमसतो. तो कुठून आला हे पाहिलं, तर त्यातली बरीच भीती कमी होते असं मला वाटतं.

सुरुवात जॉन होल्ट यांच्यापासून करावी लागते. अमेरिकेतल्या खासगी शाळांत शिकवताना त्यांना दिसलं, की मुलं विषय समजून घेण्याऐवजी शिक्षकांना हवं ते उत्तर देण्याच्या युक्त्या शिकत आहेत. १९६४ सालच्या पहिल्याच पुस्तकात त्यांनी ते मांडलं. पुढची काही वर्षं ते शाळा सुधारण्याची भाषा बोलत होते. मग ती आशा सोडून ते थेट पालकांशी बोलू लागले, आणि १९७७ मध्ये बॉस्टनहून त्यांनी ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे छोटं नियतकालिक काढलं. पालकांची पत्रं हा त्याचा गाभा होता. ‘अनस्कूलिंग’ हा शब्द तिथूनच पसरला. होल्ट यांचा शिकवणीला विरोध नव्हता, हे मात्र आज पुष्कळदा विसरलं जातं. चाळिशीत त्यांनी स्वतः चेलो हे व्हायोलिनसारखं पण मोठं वाद्य शिकायला घेतलं, त्यासाठी शिक्षकांकडे गेले आणि त्या अनुभवावर पुस्तकही लिहिलं. त्यांचा आक्षेप होता तो न मागता लादलेल्या शिकवण्यावर.

बॉस्टन ज्या राज्यात आहे त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये, फ्रेमिंगहॅम गावी १९६८ पासून सडबरी व्हॅली ही शाळा चालू आहे. वेळापत्रक नाही, सक्तीचा तास नाही, मुलं दिवसभर झाडांवर, तळ्याकाठी किंवा स्वयंपाकघरात. तिथे नऊ ते बारा वर्षांची डझनभर मुलं एकदा संस्थापकांपैकी डॅनियल ग्रीनबर्ग यांच्याकडे आली आणि म्हणाली, आम्हाला अंकगणित शिकवा. ग्रीनबर्ग यांनी आधी टाळाटाळ केली. मग कडक अट घातली: आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, आणि कोणी पाच मिनिटं जरी उशिरा आलं तर त्या दिवसाचा तास रद्द. असं दोनदा झालं की वर्ग कायमचा बंद. ग्रीनबर्ग लिहितात, की शाळांत सहा वर्षं चालणारं अंकगणित त्या मुलांनी वीस आठवड्यांत, म्हणजे वीस तासांत संपवलं. पुस्तक जुन्या वळणाचं, घोकंपट्टी आणि सराव भरपूर. इतका आखीव वर्ग एरवी कुठल्याही शाळेत शोभला असता. पण तो मागितला होता मुलांनी, आणि नको झाला तर मोडणंही त्यांच्याच हातात होतं. या वादात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा प्रसंग.

मग अनस्कूलिंगच्या घरांत क्लासेसची गर्दी कशी झाली? महत्त्वाकांक्षेपेक्षा ओस पडलेल्या गल्लीमुळे, असं माझं मत आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत मुलं हरवण्याच्या बातम्यांनी घराघरांत धास्ती बसली, हरवलेल्या मुलांचे फोटो दुधाच्या खोक्यांवर छापले जाऊ लागले. १९८३ च्या ‘अ नेशन ॲट रिस्क’ या सरकारी अहवालाने शाळांचा अभ्यास वाढवण्याची हाक दिली. मिशिगन विद्यापीठाने मुलांच्या दिनक्रमाच्या नोंदी ठेवल्या होत्या. १९८१ आणि १९९७ ची तुलना केली तर खेळाचा वेळ घटलेला आणि शाळेचा वाढलेला दिसतो. शाळेबाहेरचं मूल दुपारी मोकळं असे खरं, पण खेळायला सोबत कुठे होती? म्हणून पालकांनी आठवड्याचा एक दिवस ठरवून बागेत जमायला सुरुवात केली, सामायिक वर्ग काढले. मोकळ्या खेळासाठीसुद्धा आयोजन करावं लागू लागलं.

१९९० च्या दशकात अनस्कूलिंगची ‘रॅडिकल’, म्हणजे टोकाची, म्हणवणारी शाखा पुढे आली. झोप, जेवण, टीव्ही या सगळ्यांतच मुलाची निवड मानायची, क्लास सुचवायचाही नाही. फार तर कुतूहल वाटेल अशा वस्तू घरात सहज दिसतील अशा ठेवायच्या. बॉस्टन कॉलेजचे मानसशास्त्रज्ञ पीटर ग्रे यांनी या बाजूला अभ्यासाची जोड दिली. त्यांचा मुलगा सडबरी व्हॅलीतच शिकला होता. मधेच सोडून जाण्याची मुभा नसेल तर तो खेळच नव्हे, हा त्यांचा निकष. २०१३ मध्ये संशोधक जीना रायली यांच्यासोबत त्यांनी २३२ अनस्कूलिंग कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत आपणहून उत्तरं देणारीच कुटुंबं होती, त्यामुळे तिच्यावर फार भार टाकू नये. तरी सर्वांत मोठी अडचण म्हणून पुढे आला तो आजूबाजूच्यांचा दबाव आणि टीका, हे आपल्याकडच्या पालकांनाही ओळखीचं वाटेल.

आपल्याकडे मुलाच्या मोकळेपणाचा विचार याहून जुना आहे. ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर नूतन बालशिक्षण संघ स्थापला. पुढे बोर्डी आणि कोसबाड इथे त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी अंगणवाडी रुजवली. गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळाही काढली, कारण मुलं शाळेत येत नव्हती तर शाळेने कुरणावर जायला हवं होतं. याला अनस्कूलिंग म्हणणं चूक ठरेल. त्या मुलांनी शाळा सोडली नव्हती, ती त्यांना मिळालीच नव्हती.

पुण्या-मुंबईत आज शाळा न निवडणारी घरं थोडी आहेत आणि त्यांची अडचण अमेरिकेतल्यासारखीच आहे. सोसायटीतली मुलं संध्याकाळपर्यंत शाळेत, नंतर ट्यूशनला. मित्र भेटावेत म्हणून क्लास लावला जातो आणि मित्र मिळाले तरी परीक्षा आणि स्पर्धा मागे लागतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरशिक्षणाबद्दल स्पष्ट तरतूद नाही, त्यामुळे पालकांना दाखवायला काहीतरी हवंसं वाटतं आणि प्रमाणपत्रं जमत जातात. वास्तविक वयाची चौदा वर्षं पूर्ण झाली की एनआयओएस या केंद्राच्या मुक्त विद्यालय मंडळातून दहावीला बसता येतं. त्याआधीची वर्षं प्रमाणपत्रांनी भरायची गरज नाही. चार घरांनी मिळून एखादी दुपार मैदानासाठी राखून ठेवली, तर त्या वयाच्या मुलांना त्याचा जास्त उपयोग होईल.