खंडांची निर्मिती आणि खंडवहन

पृथ्वीवरील विस्तीर्ण भूभाग कसे तयार झाले आणि आजच्या जागी कसे पोहोचले, हा भूविज्ञानातील एक मूलभूत विषय आहे. समुद्राबाहेर दिसणारी जमीन म्हणजे खंड, एवढी व्याख्या येथे पुरत नाही. किनाऱ्यालगतची समुद्रबूड जमीनही खंडाचाच भाग असते. खरा भेद खडकांत आहे. खंडांचे कवच बव्हंशी ग्रॅनाइटच्या जातीच्या हलक्या खडकांचे, सरासरी ३५ ते ४० किमी. जाड; महासागरांखालचे बेसाल्टचे, अधिक घनतेचे आणि साधारण ७ किमी. जाडीचे. पुढचे बरेचसे याच भेदातून उलगडते.

आरंभीच्या पृथ्वीला खंड नव्हते. कवचाखालच्या जाड थरातला, म्हणजे प्रावरणातला, खडक अंशतः वितळला की बेसाल्ट मिळतो. पाणी मुरलेला बेसाल्ट खोल जाऊन पुन्हा अंशतः वितळला की सिलिकेचे प्रमाण जास्त असलेला हलका शिलारस वर येतो. ग्रॅनाइट मोठ्या प्रमाणावर तयार व्हायला म्हणूनच पाणी लागते. अशा हलक्या खडकांचे तुकडे आणि ज्वालामुखी बेटांच्या रांगा एकमेकांना जुळत खंडांचे जुने गाभे बनले. कॅनडा, दक्षिण आफ्रिका, पश्चिम ऑस्ट्रेलिया येथे ते आजही उघडे पडलेले दिसतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथे सापडलेले झिर्कॉन या खनिजाचे काही कण सुमारे ४४० कोटी वर्षांचे आहेत. याउलट आजच्या महासागरांचा तळ जवळपास सगळाच २० कोटी वर्षांच्या आतला. जड असल्याने तो पुन्हा प्रावरणात बुडतो, खंड मात्र वर राहतात.

खंड सरकतात, ही कल्पना जर्मन हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडली आणि १९१५ मध्ये ग्रंथरूपाने विस्तारली. दक्षिण अमेरिका व आफ्रिका यांचे किनारे जुळतात, हे नकाशा पाहणाऱ्या अनेकांच्या आधीच लक्षात आले होते. वेगेनर यांचा पुरावा त्याहून भक्कम होता. मेसोसॉरस या लहान सरपटणाऱ्या प्राण्याचे जीवाश्म अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना मिळतात, ग्लोसोप्टेरिस ही वनस्पती भारतापासून अंटार्क्टिकापर्यंत आढळते, आणि आज उष्ण असलेल्या प्रदेशांत प्राचीन हिमनद्यांच्या खुणा आहेत. तरीही बहुतेक भूवैज्ञानिकांनी त्यांना नाकारले. हा निव्वळ हटवादीपणा नव्हता: पृथ्वीचे परिवलन आणि भरती-ओहोटीची बले खंडांना ढकलतात, हे वेगेनर यांचे स्पष्टीकरण खरोखरच लंगडे होते. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेत त्यांचे निधन झाले, तेव्हा हा वाद मिटलेला नव्हता.

उत्तर मिळाले ते समुद्राच्या तळाशी. मेरी थार्प आणि ब्रूस हीझेन यांच्या नकाशांतून १९५० च्या दशकात मध्य-अटलांटिक पर्वतरांग आणि तिच्या माथ्यावरची खचदरी स्पष्ट झाली. तेथे नवा तळ तयार होऊन दोन्हीकडे सरकतो, असे हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये सुचवले. पुढच्याच वर्षी फ्रेड व्हाइन व ड्रमंड मॅथ्यूज यांनी या रांगांच्या दोन्ही अंगांना असलेल्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला: पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र उलटसुलट होत गेले आणि थंड होणाऱ्या बेसाल्टने त्याची नोंद ठेवली. १९६० चे दशक संपता संपता भूपट्टांचा सिद्धांत उभा राहिला. त्यानुसार खंड सागरतळ नांगरत जात नाहीत. कवच आणि प्रावरणाचा वरचा ताठ थर मिळून बनलेल्या भूपट्टांवर बसून ते सरकतात. प्रावरणात बुडणारी थंड, जड कड आपल्यामागे सगळा भूपट्ट ओढते, हे या हालचालीचे प्रमुख कारण मानले जाते. वेग वर्षाला काही सेंटिमीटर असतो आणि तो आता उपग्रहांच्या साहाय्याने थेट मोजता येतो.

खंड एकदाच एकत्र होते असे नाही. शंभर कोटी वर्षांपूर्वी जवळजवळ सगळे खंड जुळून बनलेला रोडिनिया हा महाखंड होता; पँजिया हा असाच महाखंड सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी जुळला आणि २० कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास फुटू लागला. त्याच्या दक्षिणेकडील गोंडवनभूमीपासून सुटलेला भारत एका टप्प्यात वर्षाला १५ सेंमी.हून अधिक वेगाने उत्तरेकडे सरकला. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला धडकला आणि मधला टेथिस समुद्र मिटला. दोन्ही कडा हलक्या असल्याने पूर्णपणे बुडाली कोणतीच नाही. कवच दुमडून हिमालय उभा राहिला. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक समुद्रात साचलेला आहे. ही टक्कर अजून चालू आहे, तर अरबस्तान आफ्रिकेपासून दूर जात असल्याने तांबडा समुद्र रुंदावतो आहे.