दोन टायर नवे, दोन जुने आणि शाफ्टमधला पीळ

"पुढचे दोन गेलेत, मागचे अजून चालतील. दोनच टाका." टायरच्या दुकानात हे रोज ऐकू येतं. साध्या गाडीला ते चालूनही जातं. फोर बाय फोर, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना देता येतो अशा जीपला किंवा पिकअपला मात्र ही काटकसर फार महाग पडू शकते, आणि का पडते ते समजून घेण्यासारखं आहे.

२०२० च्या महिंद्रा थार जीपला कंपनीने दोन मापांचे टायर दिले: २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८. गणित केलं तर पहिल्याचा परीघ सुमारे २४३१ मिलिमीटर, दुसऱ्याचा २४७८. फरक दोन टक्क्यांहूनही कमी. चारही चाकं एका मापाची असतील तर दोन्ही उत्तम. पण समजा, पुढे मोठे आणि मागे लहान टायर बसवले. मग एका किलोमीटरला पुढची चाकं साधारण ४०४ फेरे घेणार आणि मागची ४११.

लिव्हर फोर-हायला, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या जागी टाकला की ट्रान्सफर केस (जोर पुढे-मागे वाटणारी गिअरची पेटी) पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे जोर नेणारे फिरते दांडे) एकमेकांना घट्ट बांधते. आता दोघांचे फेरे सारखेच व्हायला हवेत, म्हणजे किलोमीटरमागे एकोणीसेक मीटर कुणीतरी घसरलंच पाहिजे. चिखलात, वाळूत टायर सहज घसरतात. कोरड्या डांबरावर रबर सोडत नाही.

खरी गंमत इथून पुढे आहे. गाडीचा वेग दोन्ही चाकांच्या वेगांच्या मधे कुठेतरी राहतो. पुढचं मोठं चाक रस्त्यापेक्षा किंचित जास्त धावतं, म्हणून ते गाडी ओढतं. मागचं लहान चाक कमी पडतं, म्हणून रस्ताच त्याला फिरवू पाहतो आणि ते ब्रेकचं काम करतं. रस्त्याने दिलेला हा जोर मागच्या शाफ्टमधून उलटा ट्रान्सफर केसमध्ये येतो, तिथून पुढच्या शाफ्टने पुढच्या चाकांत आणि पुन्हा रस्त्यावर. हे चक्र इंजिनावर फारसा भार नसतानाही चालूच राहतं. मागच्या क्राउन-पिनियनचे, म्हणजे शाफ्टचा जोर चाकांकडे वळवणाऱ्या गिअरचे दात एरवी ज्या बाजूने ताण घेतात त्याच्या उलट बाजूने दाबले जातात. तेल तापतं, टायर झिजतात आणि शाफ्ट पिळलेल्या ओल्या धोतरासारखे ताणलेले राहतात.

मग परत टू-व्हीलला, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांच्या ड्राइव्हला यायचं म्हटलं तर लिव्हर अडकतो. गाडी थोडी रिव्हर्स घेतली की पीळ उलगडतो आणि लिव्हर सुटतो. अशा वेळी "नजर लागली" म्हणून बंपरला लिंबू-मिरची बांधणारे आहेत. त्यापेक्षा खडू घ्यावा. टायरवर आणि जमिनीवर खूण करावी, गाडी सरळ ढकलत चाकाचे दहा फेरे होऊ द्यावेत आणि अंतर टेपने मोजावं. चारही चाकांचं मोजावं, स्टेपनीही चढवून बघावी. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. ती दोनवर आली की व्यास बारा मिलिमीटरने घटतो, म्हणजे माप तेच असूनही दीड टक्क्याच्या आसपास फरक पडतो. हवा कमी असली तर मात्र गाडी दिसायला बरीच बसते, पण रेडियल टायरमधला पोलादी पट्टा आखूड होत नाही, त्यामुळे एका फेऱ्यातलं अंतर फारसं बदलत नाही. हवा कमी-जास्त करून मापातली तफावत भरून निघत नाही ती यामुळेच.

मापं वेगळी असणं हाच दोष म्हणाल, तर फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रॅक्टर बघा. मागे अजस्र चाकं, पुढे लहान. तिथे गिअरच्या दातांनीच हिशेब जुळवलेला असतो आणि पुढची चाकं १ ते ५ टक्के जास्त धावतील असं मुद्दाम ठेवलेलं असतं, म्हणजे शेतात ती ओढायला मदत करतात. म्हणूनच डांबरी रस्त्यावर पुढचा ड्राइव्ह काढायचा असतो. आणि म्हणूनच ट्रॅक्टरचे पुढचे टायर बदलताना दुकानदाराने "थोडं मोठं माप बसवू" म्हटलं, तर आधी कंपनीच्या पुस्तिकेत ते माप मागच्या टायरशी जुळतं का ते पाहावं.