कानाला बरोबर वाटणारं वाक्य चुकीचं का निघतं?

अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या सॅट परीक्षेच्या 'रीडिंग अँड रायटिंग' विभागात ६४ मिनिटांत ५४ प्रश्न सोडवायचे असतात. त्यांतले ११ ते १५ प्रश्न व्याकरणाचे आणि विरामचिन्हांचे. एका प्रश्नाच्या वाट्याला सरासरी ७१ सेकंद येतात. मग घाईत वाक्य मनातल्या मनात वाचायचं आणि कानाला बरा वाटेल तो पर्याय निवडायचा, अशी सवय लागते. इंग्रजी चांगलं असलेल्यांना तर ती हमखास लागते आणि बऱ्याचदा ती उपयोगीही पडते. पण प्रश्न काढणाऱ्यांना हा कान कुठे फसतो हे पक्कं ठाऊक असतं.

हे वाक्य पाहा: 'द कलेक्शन ऑफ रेअर कॉइन्स फाउंड इन द शिप्स केबिन्स ... नाउ ऑन डिस्प्ले.' गाळलेल्या जागी 'इज', 'आर', 'वेअर' की 'हॅव बीन'? कान 'आर' म्हणतो, कारण क्रियापदाच्या अगदी शेजारी 'केबिन्स' आहे आणि त्याआधी 'कॉइन्स' येऊन गेलेत. पण प्रदर्शनात मांडलाय तो संग्रह. कर्ता 'कलेक्शन' एकवचनी आहे, म्हणून उत्तर 'इज'.

ही चूक इंग्रजी कच्चं असल्याची खूण नाही. १९९१ मध्ये कॅथरीन बॉक आणि कॅरोल मिलर या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी बोलणाऱ्यांना वाक्यांची सुरुवात ऐकवली आणि ती तशीच म्हणून पुढे वाक्य पूर्ण करायला सांगितलं. एकवचनी कर्त्यानंतर अनेकवचनी नाम आलं की लोक कधी कधी क्रियापद अनेकवचनी करून बसत. उलट घडण्याचं प्रमाण, म्हणजे अनेकवचनी कर्ता आणि शेजारी एकवचनी नाम असताना चुकण्याचं, फारच कमी होतं. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हा एकतर्फीपणाच वाटते. सापळा कुठे असेल हे त्यातून आधीच कळतं.

वाचतानाही हेच होतं. क्रियापदापाशी पोचल्यावर मेंदू संपूर्ण वाक्य पुन्हा तपासत नाही; नुकत्याच वाचलेल्या शब्दांतून जुळणारं काहीतरी पटकन शोधतो. समोर 'आर' असेल तर शोध अनेकवचनी नामाचा असतो आणि 'केबिन्स' हाताशी असतंच. जुळलं, म्हणून वाक्य खटकत नाही. २००९ मध्ये वेजर्स, लाऊ आणि फिलिप्स या संशोधकांनी दाखवलं की शेजारच्या नामामुळे चुकीचं वाक्य बरोबर भासतं, पण बरोबर वाक्य सहसा चुकीचं भासत नाही. 'मला तर काहीच खटकलं नाही' हा पुरावा म्हणून लंगडा पडतो तो इथेच.

म्हणून वाक्य वाचण्याआधी पर्याय पाहावेत. वरच्या उदाहरणात एक पर्याय एकवचनी आणि तीन अनेकवचनी आहेत. प्रश्न वचनाचा आहे हे तेवढ्यावरूनच उघड होतं. मग कर्ता गाठायचा आणि 'ऑफ', 'इन' यांनी सुरू होणारे मधले तुकडे बाजूला सारायचे. उरतं 'द कलेक्शन इज'. इथे कान पुन्हा भरवशाचा होतो.

विरामचिन्हांचंही असंच. पर्यायांत स्वल्पविराम, अर्धविराम आणि पूर्णविराम दिसले की दोन्ही बाजूंचे तुकडे स्वतंत्र वाक्य म्हणून उभे राहतात का, एवढंच तपासायचं. राहत असतील, तर नुसत्या स्वल्पविरामाने ते जोडता येत नाहीत.

हे सगळं समजणं सोपं आहे. परीक्षेत सुचणं अवघड. कारण सराव करताना आपण 'कर्ता-क्रियापद' या मथळ्याखालचे वीस प्रश्न सलग सोडवतो. काय तपासायचं ते मथळ्यानेच सांगितलेलं असतं. परीक्षेत मथळा नसतो. रोहरर आणि टेलर या संशोधकांनी २००७ मध्ये घनफळ काढण्याच्या गणितांवर एक प्रयोग केला. एकेका प्रकाराची गणितं सलग सोडवणाऱ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, सरमिसळ सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर घसरले, सरमिसळवाले ६३ वर टिकले. प्रयोग गणिताचा असला तरी अडचण तीच आहे: नियम लावण्याआधी कुठला नियम लावायचा ते ओळखणं. म्हणून सरमिसळ सरावात गुण कमी पडले तर कृपा करून घाबरून सोपे संच घेऊ नका.

चुकांची वही ठेवायला सगळेच सांगतात. त्यात बहुतेक जण बरोबर उत्तर उतरवून ठेवतात, ज्याचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण तो प्रश्न पुन्हा येणार नाही. कारण लिहा: 'कर्ता कलेक्शन, मध्ये केबिन्स.' आणि उत्तर तपासण्याआधी आपली खात्री किती होती तेही नोंदवा. बटरफील्ड आणि मेटकाफ या संशोधकांना २००१ मध्ये असं आढळलं की अगदी खात्रीने दिलेलं उत्तर चुकलं आणि लगेच बरोबर उत्तर कळलं, तर ती चूक कमी खात्रीच्या चुकांपेक्षा सहज सुधारते. मात्र उत्तर बघून नुसतं पान उलटलं, तर तो फायदा टिकेल असं धरून चालू नका. आठवड्याने तेच प्रश्न कोऱ्या कागदावर घ्या आणि पर्याय निवडण्याआधी नियम एका वाक्यात लिहा. नियम लिहिता आला नाही, तर उत्तर बरोबर असलं तरी तो प्रश्न वहीतच ठेवा.