खोलीत दुसरं कोणीतरी आहे

हातात ‘देव ज्यूंचा तिरस्कार करतो’ असा फलक, आणि समोरच्या ज्यू माणसाला द्यायला आणलेलं कोशर, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांत बसणारं, चॉकलेट. हा प्रसंग मेगन फेल्प्स-रोपर हिनं स्वतःच जाहीरपणे सांगितला आहे. समोरचा माणूस डेव्हिड अबिटबोल. त्यानंही तिच्यासाठी जेरुसलेमहून मिठाई आणली होती. दोघांची ओळख ट्विटरवरची, आणि तीही भांडणातून झालेली.

मेगन अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या वेस्टबोरो बाप्टिस्ट चर्चची. तिचे आजोबा फ्रेड फेल्प्स यांनी १९५५ मध्ये सुरू केलेलं हे चर्च म्हणजे जवळजवळ एकच मोठं कुटुंब. समलिंगी लोकांविरुद्ध फलक घेऊन रस्त्यावर उभं राहायचं, सैनिकांच्या अंत्यसंस्काराच्या ठिकाणी जाऊन निदर्शनं करायची, हा त्यांचा नित्यक्रम. मेगन पहिल्यांदा त्या रांगेत उभी राहिली तेव्हा पाच वर्षांची होती. २००९ मध्ये ती ट्विटरवरून चर्चचा प्रचार करू लागली. चर्चला त्यात धोका वाटला नाही. का वाटावा? रस्त्यावर लोक त्यांना वर्षानुवर्षं शिव्या घालत होते, आणि ‘जग आपल्यावर उलटलंय म्हणजे आपलंच खरं’ ही त्यांची खात्री प्रत्येक शिवीगणिक पक्कीच होत होती.

अबिटबोलनं पुढेपुढे शिव्या सोडून प्रश्न विचारायला सुरुवात केली. समलिंगींना देहदंड द्या म्हणता, मग ‘जो निष्पाप असेल त्यानं पहिला दगड मारावा’ या येशूच्या वचनाचं काय? आणि माणूस मारूनच टाकला तर त्यानं पश्चात्ताप करायचा कधी? मेगनला घरात कुणाकडूनच पटेल असं उत्तर मिळालं नाही. देहदंड मागणारा तेवढा एक फलक तिनं गुपचूप हातात घेणं सोडलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बहिणीला सोबत घेऊन ती चर्चमधून बाहेर पडली.

सोशल मीडियामुळे कर्मठ पंथांची पकड सैल होते असं म्हटलं की डोळ्यांसमोर एक सोपं चित्र येतं. आत अंधार, बाहेर माहितीचा उजेड. मोबाइल हातात आला की खिडकी उघडलीच म्हणून समजा. मला हे चित्र अर्धंमुर्धं वाटतं. मेगनला माहितीची कुठे वाण होती? विरोधकांचं म्हणणं ती लहानपणापासून ऐकत होती. मग नवं काय घडलं?

त्याआधी कडक पंथ टिकतात कसे ते पाहू. लॉरेन्स इयानाकोन या अर्थशास्त्रज्ञानं १९९४ मध्ये या कोड्याचं एक उत्तर मांडलं. वेगळा पोशाख, खाण्यापिण्यावर बंधनं, करमणुकीवर बंदी अशा जाचक अटी घातल्या की लोक पळून जायला हवेत; पण असे पंथ अनेकदा सौम्य पंथांपेक्षा घट्ट राहतात. कारण अटींच्या चाळणीतून फुकटे गळून पडतात. उरतात ते सगळे मनापासून राबणारे. अडीअडचणीला धावून येणारी, आजारपणात उशाशी बसणारी माणसं हवी असतील तर ती अशाच ठिकाणी मिळतात. शिवाय अटींमुळे बाहेरच्या जगाशी मैत्री जमणं अवघड होतं, म्हणून माणूस सगळी नाती आतच गुंतवतो. पंथ सोडणं म्हणजे मग केवळ एक मत सोडणं राहत नाही. घर, धंदा, सोयरीक, म्हातारपणाची काठी, सगळंच पणाला लागतं.

अशा ठिकाणी शंका आली तर माणूस काय करतो? गप्प बसतो. शेजारचाही गप्प बसतो. आणि दोघेही एकमेकांकडे पाहून समजतात, याची श्रद्धा किती अढळ आहे! समाजमानसशास्त्रात या गैरसमजाचा अभ्यास १९३०च्या दशकापासून होतो आहे. सभागृहातल्या शंभरातल्या चाळिसांच्या मनात किंतु असला, तरी त्या चाळिसांपैकी प्रत्येकाला वाटत राहतं की बिघडलेला मीच एकटा.

हा एकटेपणा मोडायला किती लागतं, याचं उत्तर सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५०च्या दशकातल्या प्रयोगांत सापडतं. सात-आठ जण एका खोलीत. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. पहिलीइतकीच लांब कोणती ते मोठ्यानं सांगायचं. उत्तर शाळकरी पोरालाही दिसावं इतकं उघड. पण खोलीतला एकच जण खरा उमेदवार, बाकीचे अ‍ॅशनं पढवून आणलेले. ते सगळे एकसुरात चुकीचं उत्तर देत. अशा फेऱ्यांत उमेदवारांची एक तृतीयांशाहून जास्त उत्तरं जमावाच्या बाजूनं गेली. मग अ‍ॅशनं पढवलेल्यांपैकी एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. फक्त एकाला. चुका आधीच्या एक चतुर्थांशावर आल्या.

याहून मजेशीर भाग पुढे आहे. हा वेगळा बोलणारा जमावापेक्षाही जास्त चुकीचं उत्तर देत असला, तरी उमेदवाराला बळ मिळालं. चुका नऊ टक्क्यांवर उतरल्या. म्हणजे सोबती बरोबर असण्याचीही गरज नव्हती. कुणीतरी रांग मोडली, एवढं पुरे होतं. सोबती काही कारण सांगून मध्येच खोलीबाहेर गेला, तरी त्याचा परिणाम थोडाफार टिकला. पण तोच सोबती उलटून जमावाला जाऊन मिळाला, की उमेदवाराचं अवसानच गळालं. बंडखोरी करून परत आलेल्या माणसाला पंथ व्यासपीठावर का मिरवतात, याचा उलगडा मला इथे होतो.

सोशल मीडिया हा असा सोबती पुरवणारा कारखाना आहे. टोपणनावानं खातं उघडायचं, पंथ सोडलेल्यांच्या गटात शिरायचं आणि रात्री पांघरुणात वाचत पडायचं. ‘मलाही हेच वाटायचं’ असं एक वाक्य दिसलं की खोलीत दुसरं कोणीतरी आहे हे कळतं. पूर्वी असा माणूस शोधायचा तर आधी आपलं मन उघडं करावं लागे, आणि समोरच्यानं चुगली केली तर संपलंच. आता विचारण्याआधीच उत्तर वाचता येतं. जोखीम जवळजवळ शून्यावर आली, हा माझ्या मते खरा बदल.

दुसरा बदल जरा सूक्ष्म आहे. मला एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं, आणि ती तुलाही माहीत आहे हे मला माहीत असणं वेगळं. ऑगस्ट २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगासमोर, म्हणजे सरकारी चौकशी आयोगासमोर, ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचे एक सर्वोच्च पुढारी, जेफ्री जॅक्सन, यांची साक्ष झाली. विषय होता बाल लैंगिक अत्याचारांच्या तक्रारी पंथानं कशा हाताळल्या. १९५० पासूनच्या पंथाच्याच कागदपत्रांत १,००६ संशयितांची नोंद होती आणि पंथानं त्यांतल्या एकाचीही खबर पोलिसांना दिली नव्हती, हे चौकशीत उघड झालं. या पृथ्वीवर देवाचे प्रवक्ते तुम्हीच का, असं वकिलानं विचारलं. देव फक्त आमच्याच मुखातून बोलतो असं म्हणणं आगाऊपणाचं होईल, अशा अर्थाचं उत्तर जॅक्सन यांनी दिलं. कामकाज इंटरनेटवर थेट दिसत होतं. त्या उत्तराची क्लिप यूट्यूबवर फिरली. जे पुढारी नेहमी व्यासपीठावरून बोलताना दिसत, ते वकिलाच्या प्रश्नांना सामोरे जाताना दिसले, आणि आपल्यासारखे आणखी कितीजण ते पाहताहेत याचा आकडा खालीच लिहिलेला होता.

अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चवर तर आपला इतिहास स्वतःच मांडायची वेळ आली. संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या बायकांची संख्या काळजीपूर्वक केलेल्या अंदाजांनुसार ३० ते ४० भरते, हे २०१४ मध्ये चर्चच्या संकेतस्थळावर आलं. इतिहासकारांना ते केव्हाच ठाऊक होतं. इंटरनेटमुळे ते साध्या भाविकालाही सहज सापडू लागलं होतं.

पंथांनाही हे सगळं दिसतं. २० मे २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या सिटी फील्ड या बेसबॉलच्या मैदानात ४० हजारांहून अधिक कर्मठ ज्यू पुरुष इंटरनेटच्या धोक्यांवर विचार करायला जमले. इस्राएलमध्ये ‘कोशर फोन’ मिळतो: त्यात इंटरनेट नाही, अनेकदा एसएमएससुद्धा नाही, फक्त बोलायचं. मला ही मंडळी भाबडी वाटत नाहीत. माहिती तर पुस्तकातही असते. फोनमधून माणसं भेटतात, हे त्यांनी नेमकं ओळखलंय.

पण यावरून इंटरनेट म्हणजे सुटकेचं यंत्र असं कोणी समजू नये. मार्च १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात ‘हेवन्स गेट’ पंथाच्या ३९ जणांनी सामूहिक आत्महत्या केली. हा पंथ चरितार्थासाठी काय करत होता? वेबसाइट बनवून देत होता. दिवसभर इंटरनेटवर बसलेली माणसं होती ती. बाहेरचा सोबती जसा शंकेखोराला मिळतो, तसाच कट्टर माणसालाही मिळतो; गावात ज्याला कोणी विचारत नव्हतं, त्याला जगभरातून समविचारी सापडतात आणि पडद्यावर नवा पंथ उभा राहतो. नियम तोच, फक्त खोली बदलते.

आणि एक गोष्ट कुठल्याही ॲपला जमलेली नाही. मेगन बाहेर पडली तेव्हा आईवडील आणि आत राहिलेली भावंडं तिला तुटली. पंथाच्या हातातलं खरं हत्यार तेच आहे. बाहेर तिला अनोळखी माणसांनी आसरा दिला. पुढे अबिटबोलनं तिला एका ज्यू महोत्सवात बोलायला बोलावलं. काही वर्षांपूर्वी त्याच महोत्सवाबाहेर ती फलक घेऊन उभी होती.