ईआरपीत भर घालणं वेगळं, ईआरपी जोडणं वेगळं

गोव्यातल्या फोंडा, कुंडई, वेर्णा भागातल्या कारखान्यांतून सॉफ्टवेअरवाल्याकडे येणारी मागणी बहुतेक वेळा एकाच थाटाची असते: "आमच्या ईआरपीत तेवढं करून द्या." ईआरपी म्हणजे कारखान्याचा साठा, बिलं, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. एकाला मालाच्या नोंदीत काजूची ग्रेड हवी असते, दुसऱ्याला बिल सेव्ह होताच ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी जीएसटी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, निघायला हवं असतं. कोटेशनमध्ये दोन्ही कामं 'कस्टमायझेशन' याच ओळीत बसतात आणि पुढच्या भांडणांची सुरुवात तिथेच होते. पहिलं काम म्हणजे ईआरपीत भर, दुसरं म्हणजे ईआरपीची जोडणी. दोन्ही बिघडतात, पण वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या कारणांनी.

भर घालण्याचं उदाहरण काजूचंच घेऊ. डब्ल्यू-२४० ही ग्रेड म्हणजे एका पौंडात साधारण २२० ते २४० अख्खे गर. तयार ईआरपीला हे कुठून माहीत असणार? त्याला मालाचं नाव आणि एकक कळतं. मग ग्रेडचं फील्ड वाढवायचं, लॉटचा उतारा ठरल्यापेक्षा कमी भरला तर मॅनेजरच्या मंजुरीशिवाय नोंद पुढे जाऊ नये असा नियम घालायचा. माहिती, नियम, मंजुरी, सगळं घरातच. टॅलीत हे टीडीएल या टॅलीच्याच भाषेने होतं, ईआरपीनेक्स्टमध्ये कस्टम फील्ड आणि हुकने (आपला कोड ठरल्या जागी अडकवायच्या सोयीने), सॅपमध्ये झेड प्रोग्रॅमने, म्हणजे झेडने नाव सुरू होणाऱ्या आपल्या प्रोग्रॅमने. या कामाची परीक्षा अपग्रेडच्या दिवशी होते. सॅपने झेड आणि वाय ही अक्षरं ग्राहकांच्या प्रोग्रॅमसाठी राखून ठेवलीत ती याचसाठी, नव्या आवृत्तीने आपलं काम पुसून टाकू नये म्हणून. ज्यांनी मूळ कोडलाच हात लावलाय, त्यांना मात्र दर अपग्रेडला तो हिशेब चुकता करावा लागतो.

जोडणीत दोन घरं असतात आणि दोघांचं दप्तर वेगळं. ई-इनव्हॉइसचंच बघा. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला ते लागू आहे. आपलं ईआरपी बिलाची माहिती सरकारी पोर्टलला पाठवतं आणि पोर्टल ६४ अक्षरांचा आयआरएन (बिलाचा सरकारी नोंदणी क्रमांक) व सही केलेला क्यूआर कोड परत देतं.

आता हेच काम 'भर' समजून केलं की काय होतं ते सांगतो. प्रोग्रॅमर सेव्ह बटणाच्या आतच पोर्टलला हाक मारतो. पोर्टल मंदावलं की बिलच सेव्ह होत नाही आणि पाठोपाठची सगळी बिलं तुंबतात. याहून वाईट म्हणजे पोर्टलने नोंद केली, पण उत्तर येताना लाईन तुटली. ईआरपीच्या लेखी काम फसलं. अकाउंट्सवाला घाईत नव्या नंबरचं बिल करतो आणि एकाच मालाची सरकारदरबारी दोन बिलं होतात. पोर्टलवर रद्द करायला मुदत फक्त २४ तासांची.

खरं तर यातून सुटायची सोय यंत्रणेतच आहे. आयआरएन तयार होतो तो विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल नंबर यांवरून. म्हणजे तेच बिल त्याच नंबराने पुन्हा पाठवलं तर दुसरा आयआरएन निघतच नाही. पोर्टल '२१५०, डुप्लिकेट' असं कळवतं, तेव्हा आधीचाच आयआरएन घेऊन बिलावर चढवायचा. म्हणून बिल आधी सेव्ह करावं, पाठवायच्या रांगेत टाकावं, आणि ते पाठवायचं काम वेगळ्या प्रोग्रॅमवर सोपवावं. पोर्टल बंद असेल तर आयआरएनविना मालाची गाडी तरीही थांबेल, पण बाकीचं बिलिंग चालू राहील आणि नेमकं कुठलं बिल अडकलंय ते स्क्रीनवर दिसेल.

काम कुठल्या जातीचं हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो: समोरचं, म्हणजे आपल्या ईआरपीबाहेरचं, सॉफ्टवेअर उद्या दिवसभर बंद राहिलं तर हे काम अडेल का? अडत असेल तर ती जोडणी. मग पुढचे प्रश्न आपोआप येतात. आकडा जुळला नाही तर कोणाचा खरा मानायचा? फसलेली नोंद पुन्हा कोण पाठवणार? ती फसली हे कोणाला कळणार?

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. जोडणी स्वस्तात उरकायला कोणी ईआरपीच्या डेटाबेसमध्ये थेट नोंदी घालतो म्हणाला, तर नाही म्हणा. ईआरपीचे नियम त्या नोंदींवर चालतच नाहीत. साठा बदलतो, लेजर तिथेच राहतं, आणि फरक वर्षअखेरीला ऑडिटरच्या हाती लागतो. अगदी टॅलीलासुद्धा एक्सएमएल या ठरलेल्या साच्यातून व्हाउचर देण्याचा सरळ रस्ता आहे.

बरीच कामं मिश्र असतात. बिलावर आयआरएन आणि क्यूआर छापायची जागा करणं ही भर, ते पोर्टलवरून आणणं ही जोडणी. गेटवरच्या वजनकाट्याचंही तेच: पावतीत वजनाचं फील्ड एक काम, काट्याचा आकडा तिथवर आणणं दुसरं. कोटेशनमध्ये या दोन ओळी वेगळ्या मागा. एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) पहिल्या ओळीपुढे 'अपग्रेडनंतर तपासणी' लिहून घ्या, दुसरीपुढे अडकलेल्या नोंदी रोज कोण बघणार त्याचं नाव.